तारेवर गोणपाट

रिवणची खाण बंद पडली तेव्हा कायतानबाब
लोडरवरून कायमचा उतरला
आणि जुन्या जीपच्या नाकाला विंच बसवून घेतला.
आता खाणीच्या वाटेवर अडकतात ती
भाड्याच्या गाड्यांतली माणसं,
ज्यांना मोबाइलने सांगितलेलं असतं, पुढे तळं आहे.

तळं आहे. निळंही आहे.
त्याच्या अलीकडे गाळ आहे,
वरून अगदी रस्त्यासारखा.

आजची गाडी पांढरी, दारांपर्यंत लाल.
"काका, ओढा ना लवकर."
काकाने गाडीभोवती आधी एक फेरी मारली,
गुडघाभर चिखलात, देवळाला मारावी तशी सावकाश.
वाकून चेसिसचा हूक शोधला.
मागे ट्रेलर जोडायचा चकचकीत गोळा होता,
त्यावर थाप मारून म्हणाला,
ह्याला कधीच नाही.

त्याच्या शेडमध्ये क्रुसाशेजारी
असाच एक गोळा खिळ्याला टांगलाय, मानेत तुटलेला.
मी एकदा विचारलं होतं, कुणाचा.
"मिंगेलचा," म्हणाला,
आणि मला पाना आणायला पाठवलं.
पाना त्याच्या हातातच होता.

मग जीप मागून माट्टीच्या झाडाला बांधली,
तारेने नाही, रुंद पट्ट्याने,
झाडाची साल आपल्या कामाची नाही म्हणून सोलायची नसते.
चाकांपुढे दगड.
ड्रमवर पाच वेढे राहू देत, म्हाळू,
शेवटच्या वेढ्यावर जीव टांगू नये.
हातमोजे.
आणि गोणपाट: तागाचं, ओहोळात बुडवून जड केलेलं,
तारेच्या मधोमध टाकलं,
भिजलेल्या बैलाच्या पाठीवर टाकावं तसं.
तार तुटलीच तर ते तिला खाली बसवतं.
नाही बसवलं तर
ऐकू येण्याआधीच सगळं झालेलं असतं.

तार ताठ झाली. गुणगुणायला लागली.
तेवढ्यात त्यांच्यातला एक, फोन उंच धरून,
ती ओलांडायला निघाला,
दारातला उंबरा ओलांडावा इतका सहज.

कायतानबाब ओरडला नाही.
बटणावरून अंगठा उचलला, तार ढिली सोडली,
मला म्हणाला, "राव मरे,"
आणि बॉनेटला टेकून उभा राहिला.
एक बगळा येऊन टपावर बसला, उडाला.
"काका, चालू करा की!"
"तुम्ही तिथे आहात."
तो दोन पावलं सरकला.
"आणखी."
आणखी सरकला.
"आणखी. तार जेवढी लांब तेवढं,
आणि वर थोडं,
भीतीच्या नावाने."

शेवटी तो फणसाआड गेला, तिथून चित्रण करत राहिला.
गाळाने गाडी सोडली,
जेवून उठलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज करत.
बस्स.
कुणी पडलं नाही. काही उडालं नाही.
तो फोनकडे बघत म्हणाला, ह्यात काहीच नाही.
दोन हजार? दहा मिनिटांचं तर काम.
पंधराशे दिले. कायतानबाबने मोजले नाहीत.

ते गेल्यावर ओहोळात गोणपाट खळबळत होतो,
पाणी थेट मासे कापल्यासारखं वाहत होतं.
वर तो तार वीतवीत चाचपत होता,
मोज्यातल्या हाताने,
आंधळ्याने ओळखीचा चेहरा चाचपावा तशी.
मध्ये एका जागी थांबला.
"इथे बघ."
तीन धागे तुटून उभे राहिले होते, केसांसारखे.
गोणपाट होतं नेमकं त्याच जागी.

किती वेळ दोघेही काही बोललो नाही.
मग त्याने पक्कड काढली,
तार तिथेच कापून टाकली,
आणि म्हणाला, उद्या मडगावला जाऊ,
नवी आणायला. पंधराशे कमी पडतील.

गोणपाट मी पिळलं नाही.
ओलंच, जडच,
जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं,
माणूस बसावं तसं.