एका पायाचं गिऱ्हाईक

सुभाषनगरात रात्रीचे अकरा.
आबा पायताणाचा कान शिवतायत
आणि त्यांच्याच बल्बखाली
मी वहीत ग्लुकोज उभं केलंय,
सहा कार्बन, एकाखाली एक.
परवा पेपर आहे.

"चांदण्या कसल्या काढालीस गं?"

ज्या कार्बनला चार बाजूंनी
चार वेगवेगळे धरून बसलेत, आबा, त्याला चांदणी.
सगळ्यात वरचा बाद, त्यानं ऑक्सिजनला दोन्ही हातांनी धरलंय.
तळाचा बाद, त्याच्याकडं हायड्रोजन दोन,
एक झाकून दुसरा दाखवावा असे.
मधले चौघे घ्यायचे.
एकीकडं हायड्रोजन, समोर ओएच,
आणि वरची साखळी खालच्या साखळीसारखी नाही.
पहिल्या वर्षी मी इथंच चुकले होते.
दोन्हीकडं कार्बन दिसला, सारखंच म्हणून सोडून दिलं.
साखळी शेवटपर्यंत वाचायची असते.

फ्रुक्टोजला तीन. ग्लिसराल्डिहाइडला एक.
डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोनला एकही नाही,
आरशात गेलं तरी तेच परत येतं.

"म्हंजे कुठल्याबी पायात चालणारं.
तसलं पायताण आपण करत न्हाई."
आबांनी आरी टोचली,
आणि उगाचच माळ्याकडं बघितलं.

माळ्यावर पोत्यात उजवी पायताणं आहेत, सात.
मगदूममामांचा उजवा पाय
कारखान्याच्या गव्हाणीत गेला, त्या सालापासून
ते दर दिवाळीला डावं तेवढं नेतात.
पैसे एकाचे.
आबा जोडच करतात,
एकट्यावर हात वळत न्हाई म्हणतात.

पुस्तकात एक ओळ आहे, पेपरात येत नाही :
चारही चांदण्या उलटवल्या
की आरशातलं ग्लुकोज होतं.
जिभेला गोडच लागतं म्हणे,
पण अंगाला ते ओळखू येत नाही,
न वापरताच पुढं जातं.

हे मी आबांना सांगितलं नाही.
वरून खाली ओएच वाचले :
उजवा, डावा, उजवा, उजवा.
कुणीतरी लंगडत जिना उतरल्यासारखे.
पुसून लिहून बघितले :
डावा, उजवा, डावा, डावा.
तेच लंगडणं, दुसऱ्या पायाचं.

"जमलं का?"
आबांच्या मांडीवर आठवं उजवं,
एक कान लावायचा राहिलाय.