कसर

जून महिना. ओसोर्नोत पाचलाच दिवे लागतात.
घराघरांत ओली लाकडं धुमसतात
आणि धूर वर जातच नाही,
गल्लीत बसून राहतो
चहा पिऊनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

आरोग्यखात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
मी शहराचा ताप मोजते.
काच नाही, पारा नाही, काखेत धरायचं काही नाही,
फक्त लोकांनी फोनवर बोट टेकवून दिलेली उत्तरं.
ताप आहे का? हो.
अंग मोडून आलंय का? हो.
किती दिवस? दोन.
नाव आम्ही विचारत नाही.

दोन ‘हो’ जुळले की एक ठिपका.
मंगळवारी राहुए नदीच्या अलीकडे सात होते,
शुक्रवारी पलीकडे एकेचाळीस.
इस्पितळातल्या खाटा भरायच्या आठ-दहा दिवस आधी
नकाशा खाकरतो.
आमचं भांडवल एवढंच: हे आठ-दहा दिवस.
तेवढ्यात नर्सच्या पाळ्या बदलायच्या,
लशीचे खोके सांतियागोहून मागवायचे,
शाळांना चिठ्ठी धाडायची.

पण धूर मध्ये येतो.
गारठा उतरला की पलीकडचं अख्खं राहुए खोकतं,
साथ असो नसो.
शेजारच्या टेबलावरचा रोसामेल पाईयालेफ म्हणाला,
नुसता खोकला धरू नकोस, तापाची जोड असली तरच धर.
पटलं. सूत्र बदललं.
एका कळीसरशी अडीचशे खोकले पुसले गेले,
आलेख कसा स्वच्छ दिसला.
संध्याकाळी घरी जाताना
ते सगळे माझ्याच बसमध्ये होते.

माझी मावशी एदुविहिस समुद्राकडच्या डोंगरात राहते.
तिथे रेंज नाही, म्हणून तिचा ठिपकाही नाही.
रविवारी ती चर्चपाशी येते, दुकानातून फोन करते.
ताप आहे का गं? मी विचारते, सवयीनं.
ताप नाही. जरा अंगात कसर आहे.

कसर.
आमच्या पडद्यावर ‘हो’ला चौकोन आहे, ‘नाही’ला आहे.
त्या दोघांच्या मध्ये शाल पांघरून
माझी मावशी उभी असते,
आणि संगणक म्हणतो: उत्तर अपूर्ण.

आणखी एक जण होता. किंवा होती.
रोज रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी.
ताप? नाही. खोकला? नाही. घसा? नाही.
सगळे चौकोन सावकाश उतरत जायचं ते बोट
शेवटच्या रकान्यापाशी थांबायचं:
आणखी काही सांगायचंय?
तो रिकामाच असायचा.
नियम सांगतो, असल्या नोंदी गाळाव्यात.
मी गाळत होते. पण आधी वाचत होते.
जुलैच्या अठराव्या रात्री तिथे अक्षरं उमटली:
‘काही नाही. तुम्ही विचारता, बरं वाटतं.’
हे मी रोसामेलला दाखवलं नाही.

मग साथ आली, अगदी आम्ही सांगितली तशी,
फक्त तीन दिवस उशिरा.
वरिष्ठांनी पाठ थोपटली, केक कापला,
कापणाराच शिंकला, तरी सगळ्यांनी खाल्ला.

आता सप्टेंबर. रेघ खाली येते आहे.
बरं झाल्याचं कोणी कळवत नाही.
माणूस उठतो, अंघोळ करतो, कामाला लागतो, आम्हाला विसरतो.
कोणी कंटाळतं. कोणी उठतच नाही.
माझ्याकडे तिघांचीही नोंद सारखीच येते:
शून्य.
तीन दहाची नोंदही ऑगस्टात थांबली.
कुठलं शून्य ते मला कळलेलं नाही.

काल मावशीचा फोन आला.
कसर गेली म्हणाली, पण आता गुडघा धरलाय,
आणि शेजारची नेल्दा पंधरा दिवस अंथरुणात होती,
तिच्याकडचे सगळेच, कुत्रासुद्धा.
मी छापील नकाशा पुढ्यात ओढला.
डोंगराच्या जागी कागद कोरा होता.
पेन्सिलीनं तिथे नेल्दाचा ठिपका दिला,
घरच्यांचे चार दिले,
कुत्र्यापाशी जरा थांबले.