हातचा एक

इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते, कारण अक्षर बरं
आणि मी कुणाच्याच बाजूची नाही.
तीस वर्षं या खोऱ्यात बस चालवली,
तिन्ही गावांना सारखाच उशीर केला.

तर नोंद अशी:
गुरुवार, संध्याकाळी सात, चॅपलमागची खोली,
हीटर एक, तोही अर्धाच चालू.
रेवनगिलचे चौघे खिडकीपाशी,
ऑक्सहोपचे सहा दारापाशी,
आणि स्टोनरिगहून नॉर्मन पीअर्ट एकटे.
त्यांचं इतिहास मंडळ म्हणजे तेच.

विषय: तिन्ही मंडळांचे कागद एका जागी ठेवावेत का.
त्यातल्या 'का'वर चाळीस मिनिटं गेली.
किल्ली कुणाकडे, फोटोखाली नाव कुणाचं,
वाळवी लागली तर दोष कुणाचा.
सगळे ताकाला आलेले,
भांडी कोटाखाली.
हिल्डा फेदरस्टन यांचा उजवा हात
त्यांच्याच खोक्यावर, पूर्ण वेळ.
चहासुद्धा डाव्या हातानं.

मग खाणीचं निघालं.
ते निघतंच.
शिशाची खाण, फेब्रुवारीतली रात्र, आत फुटलेलं पाणी.
रेवनगिलच्या यादीत नऊ,
ऑक्सहोपच्या दगडावर चौदा.
शंभरावर वर्षं झाली, दोन गावं दोन वेगळ्या रविवारी
फुलं वाहतात
आणि पलीकडची फुलं मोजून येतात.
मी समासात बेरीज मांडली.
नऊ नि चार तेरा,
तेराचे तीन,
हातचा एक.

तेवीस लिहून पुढे जाणार, तेवढ्यात
पीअर्ट खाकरले.
म्हणाले, आमच्या गावचं त्या रात्री कुणी गेलं नाही.
आमच्याकडे फक्त मोची होता.
त्याची उधारीची वही त्यांनी पिशवीतून काढली,
पिशवी भाजीची, वहीला कांद्याचा वास:
*जो कोल्टर. बूट एक जोड.
डावा पाय एक माप मोठा.
येणे सात शिलिंग.
गिऱ्हाईक पाण्यात गेलं.*

हिल्डाबाईंचा हात उठला.
खोक्यातून चौकशीचा कागद निघाला, घडीवर फाटलेला:
जोसेफ कूलथर्ड, राहणार रेवनगिल, भाड्याच्या खोलीत.
चेहऱ्यावरून ओळख पटली नाही.
बुटांवरून पटली. डावा मोठा.

ऑक्सहोपच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं,
आमच्या दगडावर कोल्टर आहे. सहावा.
बायको आमच्या गावची होती त्याची.

म्हणजे आठवडाभर इथे, शनिवारी रात्री तिथे,
पाच मैल डोंगरावरून,
एक पाय दुसऱ्याहून मोठा घेऊन.
कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलं.
एकदाच बुडाला
आणि दोन गावांत मेला.

मी तेवीस खोडून बावीस केले.
पेन जरा अडखळलं, खरं सांगायचं तर.
माणूस कमी करायची सवय नाही,
बसमध्ये उभ्यानं का होईना, घ्यायचे मी.

नाव कुणी कमी करायचं, यावर एकमत नाही.
मॉरीन टॅलेंटायर म्हणाल्या, राहू द्या की दोन्हीकडे,
जिवंतपणी तरी कुठे एका ठिकाणी राहिला.
यावर पलीकडून टाळी नाही, पण खुर्चीही सरकली नाही.
मोच्याचे सात शिलिंग आता कुणी द्यायचे,
असा प्रश्न पीअर्ट यांनी मांडला.
हसण्यावारी गेला.
ते स्वतः हसत नव्हते.

ठराव पुढच्या गुरुवारी.

सगळे गेल्यावर कप विसळले,
तर टेबलावर हिल्डाबाईंचं खोकं तसंच.
विसरल्या, की ठेवून गेल्या,
हे इतिवृत्तात बसत नाही.
शेजारी कांद्याचं एक साल.
हीटर बंद केला, दार ओढून घेतलं.
किल्ली सध्या माझ्या खिशात आहे.