सत्तराव्या मिनिटापर्यंत

सोहारच्या मैदानाचे दिवे माझ्याकडे.
चार खांब, एकेकावर छत्तीस,
आणि मॅच संपल्यावर ते विझवायच्या आधीची
वीस मिनिटं.
झाडूवाले येतात त्याच्या आत
मी रांगा उतरत जातो
खुर्च्यांखालचे प्रोग्रॅम गोळा करत.

आठ पानं, कधी बारा, मधे दोन पिना.
उजवीकडून उघडणारे.
त्याचं मला काही नाही, दाभोळच्या मदरशात
मी असंच उघडायला शिकलो,
अक्षर ओळखीचं, अर्थ परका.
फक्त इथे जेर-जबर कुणी छापत नाही,
त्यामुळे खेळाडूंची नावं अर्धीच हाती लागतात,
काटे आहेत, मासा नाही.
मग लाउडस्पीकरवरचा माणूस संघ पुकारतो
आणि मी खांबाच्या बुंध्याशी, पॅनलला टेकून,
एकेका नावात
स्वर भरून घेतो.

खोलीतला शाजी म्हणतो, रद्दी.
त्याला जगभरच्या लीगचे आकडे पाठ आहेत,
त्याला कागद कशाला लागतो?
मला लागतो.
एसीच्या खोक्यात, पलंगाखाली, दोनशे अकरा.
इथला समुद्र भिंतीतून आत येतो, म्हणून
नव्या दिव्यांच्या पेट्यांतल्या त्या दाणेदार पुड्या
मी दर दहा प्रोग्रॅममागे एक ठेवतो.
झुलेखा फोनवर विचारते, यंदा काय काय आणताय?
अकरा किलो तर आत्ताच भरलेत, मी म्हणतो.
ती समजते, खजूर.

एक आहे न झालेल्या सामन्याचा.
वादळाचा शुक्रवार.
पंचांची नावं, टायरची जाहिरात, दोन्ही कर्णधार हसरे,
आणि मैदानावर घोटाभर पाणी.
तो वेगळ्या पिशवीत.
त्यात कुणी हरलेलं नाही.

आणि मग पेन्सिलवाला.
पूर्वेकडची सातवी रांग, कडेची खुर्ची.
दर वेळी तिथला प्रोग्रॅम मधोमध दुमडलेला,
बदली झालेल्यांवर तिरकी रेघ,
गोल करणाऱ्याच्या नावाला टिंब, शेजारी मिनिट.
त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा.
पहिलं वर्षभर मला वाटत होतं
हा माणूस आपल्या मनाने
खेळाडूंना शून्य मार्क देतो.

त्याच्या नोंदी सत्तराव्या मिनिटाला थांबतात.
कायम.
शेवटची बस असेल.
घरी कुणाला औषध द्यायचं असेल.
किंवा शेवट बघवत नसेल, अशीही माणसं असतात,
आमचे चाचा पत्र आलं की
खालची सही वाचायच्या आधी घडी घालायचे.

मी निळ्या बॉलपेनने पुढचं लिहू लागलो.
सत्तरपर्यंत त्याचं, वीस मिनिटं माझी.
असे चौतीस झाले.
एकदा काय वाटलं कोण जाणे,
पुरा केलेला एक परत नेऊन
त्या खुर्चीच्या फटीत खोचला.

पुढच्या मॅचला तो तिथेच होता,
नव्या प्रोग्रॅमच्या पोटात.
त्र्याऐंशीव्या मिनिटाचा गोल
मी नऊ नंबरच्या नावावर लिहिला होता.
त्यावर पेन्सिलीची रेघ.
टिंब अकराला.

म्हणजे तो गेलेला नसतो.
कुठूनतरी, उभ्याने, माझ्यापेक्षा जवळून
बघत असतो.

मी पॅनल सोडू शकत नाही.
पण आता लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं:
सत्तराव्या मिनिटाला
पूर्वेचा मोठा दरवाजा उघडतो, दोन्ही फळ्या,
लोकांना घरी जायला.
आपोआप उघडत नसणार.

शाजीला यातलं काही सांगितलेलं नाही.
अकरा नंबरचं नाव पुन्हा ऐकून
नीट लावून घेतलंय.
आणि दिवे विझवायचा क्रम बदललाय जरासा.
उत्तर, पश्चिम, दक्षिण.
पूर्वेचा शेवटी.
कुलूप लावताना
माणसाला किल्ली दिसायला हवी.