चादरीखालची सायकल

हिप्परग्याच्या बांधावर, पहाटे पाच पन्नासला,
आम्ही तीन सायकली चादरींत गुंडाळून उभ्या केल्या.
काथ्याने आवळल्या. बाहेर नुसती चाकं, पायडलं आणि हँडलं,
दवाखान्यातल्या माणसांच्या हातांसारखी.

पैज मीच लावली होती. दोन वर्षं
अशोक चौकातल्या टपरीवर मी एकच सांगत आलो:
स्टील लवतं.
दगड आला की ॲल्युमिनियम तो दगड
जसाच्या तसा मनगटाला पोचवतं, रजिस्टर पत्रासारखा, सही घेऊन.
कार्बन गिळून टाकतं. काय घडलं ते कळतच नाही.
आणि स्टील आधी स्वतः ऐकून घेतं,
मग आपल्याला सांगतं, जरा सौम्य शब्दांत.

"काय बे फेकालास," श्रीहरी चिलवेरी म्हणाला.
ॲल्युमिनियम त्याची. हप्ते अजून चालू.
कार्बन डॉक्टर हलकुड्यांची, ते दातांचे.
ते म्हणाले, फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण,
आणि त्रिकोण खाली वाकतो कुठे?
वाकतं ते टायर. हवा पाच पौंडांनी कमी करा,
हे सगळं काव्य ॲल्युमिनियमवरही सुचेल.

म्हणून तिन्हींना एकाच जातीचे टायर,
हवा गेजवर मोजून.
वजनावरून ओळखू नये म्हणून
हलक्या दोघींच्या पोटाला
अण्णांच्या बंद मागाची लोखंडी वजनं बांधली.

पहिली नेली.
मुरूम, खडी, वेड्या बाभळीची मुळं,
मग ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या,
काळ्या मातीत पडलेल्या आणि उन्हानं विटेसारख्या भाजलेल्या.
दात वाजले नाहीत. खांद्यात काही साचलं नाही.
परत येऊन म्हणालो, ही माझी.
आईशप्पथ ही माझी.
श्रीहरीनं चादरीचं टोक उचललं.
त्याची होती.

किती हसावं माणसांनी.
पलीकडे गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं
मासे पळतील म्हणून शिवी दिली.

दुसरीवर मी गप्प, तीही गप्प.
तिसरीला बांधाचा चढ लागला तेव्हा
सीटवरून उठून मारू लागलो,
आणि पायाखाली काहीतरी किंचित कडेला सरकलं,
तोळाभर,
आणि पुढच्या पायडलला परत आलं.
खाली नाही. कडेला.
म्हणजे दोन वर्षं मी
चुकीच्या दिशेचं कौतुक करत होतो.

चादर न उचलताच अंगठा आत घातला.
खालच्या नळीवर ती गाठ लागली.
मागच्या दिवाळीत तडा गेला होता, तेव्हा साखर पेठेत
खाजाभाईंनी कुणाचं तरी गेट जोडता जोडता
हीही जोडून दिली.
चाळीस रुपये. रंगाचं विचारलं तर म्हणाले,
"रंग तुम्ही लावा, मला घाई आहे."
ती गाठ कुठल्याच दुकानात मिळत नाही,
पण ही काही पैज नव्हती.

पैज मी हरलो. तिघांच्या नाश्त्याचे
दोनशे दहा रुपये दिले. डॉक्टरांनी
गोड काही घेतलं नाही.

घरी आलो तर अण्णा दारात.
चाळीस वर्षं मागांत काढल्यावर
कानांनी आता ते फक्त हॉर्न ऐकतात.
चादरी उलगडल्या, एकेक काटा काढला,
आणि निळ्या चादरीत मोराच्या मानेवर
साखळीचं तेल सापडलं.
"ही आपल्या मागावरची," ते मोठ्यानं म्हणाले,
गल्लीला ऐकू जाईल असं.
"छप्पन्न नंबरची. हे बघ, इथं दोन धागे सुटलेत.
जुनी मागितली असतीस तर दिली नसती का?"

मग सायकलीच्या नळीवर
बोटाच्या पेरानं टकटक केलं,
आणि कान नाही, तळवा लावून थांबले.
बराच वेळ.
मी विचारलं, काय?
ऐकू गेलं नसावं.
"सोडा आण," म्हणाले, "पावशेर. आणि गरम पाणी ठेव."