गोयो

वाळू आधी फुगते,
गालात आतून जीभ रेटावी तशी,
मग तिला भेग पडते.
पूर्वी दामरिनला ती भेग उंटावरून दिसायची.
आता उंट नाहीत. तो मोटरसायकल लांब उभी करतो
आणि वाकून चालत जातो,
साक्सौलची सावली संपते तिथपर्यंत.

लोखंड लावायचं नाही, असं त्याचा बाप म्हणायचा.
म्हणून हात. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत,
मग कान वाळूला टेकतो
आणि चेहरा असा होतो
की खालून कुणी उधारी मागतंय.
मग ते वर येतं : गोयो.
हातभर लांब, खवल्याखवल्यांचं, फिकट, ओलसर.
पान नाही, हिरवा ठिपका नाही,
जन्मात ऊन न पाहिलेलं.

ज्या साहेबानं आमच्या कुरणाला तार ओढली
त्यानं फळ्यावर याचं चित्र काढलं होतं.
म्हणाला, हे परजीवी,
साक्सौलच्या मुळाला चिकटून फुकट खातं.
आम्ही हसलो.
मग त्यानं अनुदानाचे फॉर्म वाटले
आणि आम्ही रांगेत उभे राहिलो.

याचं बी धुळीएवढं.
वर्षानुवर्षं पडून राहतं,
एखादं मूळ चुकून जवळून जाईपर्यंत.
मी जिलानताईच्या मिठागरात पोती शिवायचे.
दामरिन मीठ न्यायला आला, त्याचा उंट आजारी पडला,
दोन दिवस थांबला.
तेवढंच.

मे महिन्यात यिनच्वानहून न्ये येतो,
दोन मोबाईल, एक वजनकाटा.
म्हणतो, वाळवंटातलं जिनसेंग हे.
मूत्रपिंडातली आग जागवतं, कंबर ताठ करतं,
साठीच्या माणसालासुद्धा...
आणि माझ्याकडे बघून गप्प होतो.
बिछान्यातून सासू ओरडते :
पोट साफ होतं, एवढं लिहून घे!
बाकीचं विचारायला माझा नवरा उरला नाही.

त्या रात्री होहोतहून चोगतूचा फोन आला.
वारा कसा आहे, पाणी कसं आहे, आजीचे गुडघे.
मग म्हणाला, बाबा, एका मित्राला थोडं गोयो हवंय.
जनरेटर बंद होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.
मित्राच्या लग्नाला सहा वर्षं झालीत, हेही.
चोगतू आणि उरनाच्या लग्नाला
सहा वर्षं झालीत.

दामरिन म्हणाला, बरं.
म्हणाला, मित्राला सांग, पातळ काप करायचे,
मेंढीच्या मांसात मंद शिजवायचे, घाई नको.
आणि एकट्यानं खायचं नाही म्हणावं,
बायकोलाही वाढायचं.

सकाळी न्येच्या काट्यावर एक गोयो कमी भरलं,
सगळ्यात जाड होतं ते.
जुन्या नमद्यात गुंडाळून दामरिन कुरिअरला गेला
आणि फॉर्मवर लिहिलं : बूट.

कापताना तो बुडाशी तळहातभर सोडतो.
वाळू परत लोटतो, वरून थोपटतो,
चोगतूला झोपवताना थोपटायचा तसं.
खड्डा उघडा राहिला तर साक्सौल वाळतो,
मग वाळू चालू लागते,
मग आपण.
दरवर्षी एक गोयो तो मुद्दाम विसरतो.
ते जांभळट, पिवळं फुलतं
आणि आतून पोकळ होत जातं.
न्ये अशाला हात लावत नाही.
बी मी काडेपेटीत झाडून घेते,
श्वास रोखून, नाहीतर उडतं.

काल पुन्हा फोन आला.
वारा, पाणी, गुडघे.
मित्राचा विषय कुणीच काढला नाही.
शेवटी दामरिननं विचारलं, बूट बसले का?
बराच वेळ नुसती खरखर.
मग चोगतू म्हणाला, अजून घट्ट होतात.
चालता चालता सैल होतील, दामरिन म्हणाला
आणि फोन माझ्या हातात दिला.
मी वाऱ्याचं सांगत राहिले.