येतंय का गार?

स्कॉर्पिओला या एप्रिलात पंधरा पूर्ण झाली.
वडाळा नाक्यावर झुबेरनं बोनेट उघडलं,
गेज लावलं. गॅस भरपूर.
क्लच टक्कन बसतोय, कॉम्प्रेसर ठणठणीत.
कंडेन्सरवर पाणी मारलं तर
अंबडची सगळी धूळ ओघळली.
ब्लोअरमधून निघालं
द्राक्षाचं वाळकं पान, चार दाणे बडीशेप,
घोटी टोलची पुसट पावती.

"गार तयार होतंय, साहेब.
फक्त मागं पोचत नाही.
डक्टमधला फ्लॅप अडकलाय.
आजचा नाही हा, लई जुना."

जुना म्हणजे किती?

दर उन्हाळ्यात आरशात बघून मी विचारायचो,
"मागे येतंय का गार?"
आणि कुमुदआत्या, मानेवर ओला नॅपकिन,
"येतंय की. तू पुढे बघ."

फ्लॅप सोडवून झुबेर म्हणाला, ट्रायल घेऊ.
तो स्टिअरिंगवर.
मी पहिल्यांदाच मागे.
गुडघे पोटाशी, रेक्झिन तव्यासारखं.
द्वारकेच्या सिग्नलला त्यानं आरशात पाहिलं,
"येतंय का, साहेब?"

जाळीपाशी तळहात धरून बसलो होतो.
अजून काहीच नव्हतं.
तरी तोंडातून गेलं,
"येतंय, येतंय."